गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात घर भाड्याने घेताना: इमारत ओळखण्यापासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

कुलाब्यात पहिले घर भाड्याने घेतले तेव्हा मी खिडकी पाहिली, इमारत पाहिली नाही. खिडकीतून बंदराचे पाणी आणि गेटवेच्या घुमटाचा एक कोपरा दिसत होता आणि तेवढ्यावर मी दुसऱ्याच दिवशी टोकन रक्कम देऊन मोकळा झालो. पुढचे अकरा महिने मला जे शिकवून गेले ते आधी कोणी सांगितले असते तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते, म्हणून अपोलो बंदर, कुलाबा, फोर्ट आणि चर्चगेट या पट्ट्यात नव्याने घर शोधणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे. उपनगरांतल्या नव्या संकुलात घर घेण्याचा अनुभव तुमच्या गाठीशी असला, तरी इथे तो थोडाच कामी येतो. इथल्या इमारतींचे वय वेगळे आहे आणि मालकीचे प्रकारही वेगळे आहेत.

१. घराआधी इमारतीचा प्रकार विचारा

दलालाला पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता हा विचारा: "इमारत सोसायटीची आहे, पागडीची आहे, की एखाद्या ट्रस्टची?" या एका उत्तरावर करार कोणाशी करायचा, दुरुस्ती कोण करणार आणि तुम्हाला अचानक घर सोडावे लागेल का, हे सगळे ठरते.

सोसायटीची इमारत असेल तर मार्ग सर्वांत सरळ असतो. सदनिकेचा मालक सोसायटीचा सभासद असतो, त्याच्याकडे शेअर सर्टिफिकेट असते आणि तो स्वतःच्या अधिकारात घर भाड्याने देऊ शकतो.

पागडीच्या इमारतीत चित्र पालटते. तिथे घरात राहणारी व्यक्ती मालक नसते. ती इमारतीच्या मालकाची जुनी भाडेकरू असते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अशा घरांची भाडी गोठली, आणि नंतर आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नेही या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले. पण संरक्षण मिळाले म्हणजे पोटभाडेकरू ठेवण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे. इमारतीच्या मालकाची संमती नसताना पागडीधारकाने तुम्हाला घर दिले, तर त्या दोघांच्या वादात तुमचे सामान रस्त्यावर येऊ शकते. म्हणून पागडीचे घर आवडलेच, तर इमारतीच्या मालकाचे लेखी संमतीपत्र पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. "मालकाला सगळे माहीत आहे, तो काही बोलत नाही" हे उत्तर संमती म्हणून धरू नका.

याच्याशी जोडलेला दुसरा शब्द तुमच्या कानावर पडेल तो म्हणजे उपकरप्राप्त इमारत. शहर भागातील जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी हा उपकर घेतला जातो आणि त्यांचे काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात मोडतात. गेटवे स्वतः १९२४ मध्ये खुला झाला आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांतील कित्येक इमारती त्याच पिढीतल्या किंवा त्याहून जुन्या आहेत, त्यामुळे इथे 'अ' वर्गाशी गाठ पडणे अगदी स्वाभाविक आहे. इमारत उपकरप्राप्त आहे एवढ्यावरून घर नाकारण्याचे कारण नाही. मात्र पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत हे शेजाऱ्यांना विचारणे अत्यावश्यक आहे, कारण विकासकाशी करार झाला की इमारत रिकामी करावी लागते आणि पर्यायी जागा किंवा तिचे भाडे मूळ भाडेकरूला मिळते, तुम्हाला मिळत नाही.

ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या मालकीच्या इमारती, मुंबई बंदर प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरील जमिनींवर उभ्या असलेल्या इमारती आणि सरकारी किंवा नौदलाची निवासस्थाने हेही प्रकार या पट्ट्यात आहेत. ट्रस्टच्या घराला विश्वस्तांची लेखी परवानगी मागावी, भाडेपट्ट्याच्या जमिनीबाबत पट्टा चालू आहे का आणि त्यावर वाद आहे का हे विचारावे. सरकारी निवासस्थान कोणी गुपचूप देऊ करत असेल, तर तिथून सरळ परत फिरावे.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर तपासा. म्हाडाचे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते आणि महानगरपालिकाही आपली वेगळी यादी काढते. महानगरपालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे राहण्यास अयोग्य आणि तातडीने रिकामी करण्याजोगी इमारत, 'सी-२ अ' म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती लागणारी, 'सी-२ ब' म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तिचा अहवाल मागण्यात संकोच बाळगू नका. मी पहिल्या वेळी मागितला नव्हता आणि जून महिन्यात जिन्याला टेकू लागलेले पाहून रात्र जागून काढली होती.

२. गल्ली निवडा

गेटवेपासून पाच मिनिटांच्या अंतरात राहणीमान पूर्ण बदलते. अपोलो बंदराच्या समोरच्या रांगेत पर्यटकांची वर्दळ पहाटेपासून असते, घारापुरी आणि मांडव्याच्या बोटींसाठी रांगा लागतात आणि रविवारी तर स्वतःच्या दारापर्यंत पोहोचायलाही वेळ जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री आणि नौदल दिनाच्या सुमारास होणाऱ्या कार्यक्रमांच्या दिवशी रस्ते अडवले जातात, त्यामुळे अशा दिवसांत रहिवासी असल्याचा पुरावा, म्हणजे नोंदणीकृत कराराची प्रत, मोबाइलमध्ये ठेवणे सोयीचे पडते. कुलाबा कॉजवेवर, म्हणजे शहीद भगतसिंग मार्गावर, पहिल्या मजल्यावरचे घर घेतल्यास बाजाराचा आवाज रात्री उशिरापर्यंत घरात येतो. तेच घर मागच्या गल्लीकडे तोंड करून असेल तर बराच शांतपणा मिळतो.

फोर्टमध्ये याच्या उलट अनुभव येतो. दिवसा माणसांनी ओसंडून वाहणारा हा भाग कार्यालये सुटली की रिकामा होतो, आणि संध्याकाळनंतर भाजी, दूध, औषधे कुठे मिळतात हे घर घेण्यापूर्वी चालून पाहावे लागते. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच्या मैदानालगतच्या आर्ट डेको रांगेत घर मिळाले तर उजेड आणि वारा उत्तम मिळतो, पण भाडेही त्याच मापाने असते.

प्रवासासाठी आता चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसखेरीज भुयारी मेट्रोची कफ परेड, विधान भवन, चर्चगेट आणि हुतात्मा चौक ही स्थानके उपलब्ध आहेत. गाडी असेल तर पार्किंगची लेखी जागा मिळत असल्याशिवाय ती इथे आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

३. पाहणी दोनदा करा आणि भिंतींना हात लावा

एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर जा. जमल्यास पावसाळ्यात घर पाहा, कारण उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडे असते.

समुद्रालगतच्या घराचे दोन शत्रू आहेत: खारा वारा आणि ओल. खाऱ्या हवेमुळे काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात, गंजताना फुगतात आणि वरच्या काँक्रीटचे पोपडे पाडतात. म्हणून छताकडे, विशेषतः न्हाणीघर, सज्जा आणि जिन्याच्या खालच्या बाजूकडे नीट पाहा. तपकिरी डाग, लांब सरळ भेगा किंवा नुकताच केलेला गिलाव्याचा चौकोनी ठिगळ दिसला तर कारण विचारा. काँक्रीटच्या आधीच्या, त्याहून जुन्या इमारतींत तुळया आणि जमीन लाकडी असते. खोलीच्या मध्यभागी चालताना जमीन दबते का, तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे लाकूड काळे पडले आहे का आणि वाळवीच्या मातीच्या रेषा आहेत का, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

इथे एक बाब नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गेटवेसमोरचे पाणी हे शहराच्या पूर्वेकडील बंदर आहे, तर पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे समुद्र दिसणारी दर्शनी खोली पुष्कळदा कोरडी राहते आणि मागची, पश्चिमेकडची झोपण्याची खोली ओलीने भरते. माझ्या बाबतीत हेच घडले. ज्या भिंतीला मालकांनी खास माझ्यासाठी नवा रंग दिला होता, त्याच भिंतीवर जुलैत बुरशी उगवली आणि कपाटातले कपडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून मी घर पाहताना कपाटे उघडून आतला वास घेतो, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून गारवा जाणवतो का ते पाहतो आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिच्याबद्दल विचारतो.

तळमजल्याचे घर असेल तर रस्त्यावर पाणी किती चढते हे समोरच्या दुकानदाराला विचारा. साडेचार मीटरहून उंच भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याचा निचरा थांबतो. अशा भरतीच्या दिवसांचे वेळापत्रक पावसाळ्यापूर्वी जाहीर होते. पाणी किती वाजता येते, टाकी किती मोठी आहे, उद्वाहन चालू आहे का आणि वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग कुठे बसवला आहे हेही पाहून घ्या. तो भाग खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतो आणि त्याची दुरुस्ती कोणाकडे, हा वाद ठरलेला असतो.

४. मालकीची कागदपत्रे मागा

दाखवणारा माणूस आणि मालक एकच आहे असे गृहीत धरू नका. सोसायटीच्या घरासाठी शेअर सर्टिफिकेट, खरेदीखताची सूची क्रमांक २ (म्हणजे 'इंडेक्स टू', नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), देखभाल शुल्काची अलीकडची पावती आणि वीजबिल पाहावे. सूची क्रमांक २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतःही शोधू शकता. पागडीच्या घरासाठी पागडीधारकाच्या नावाची भाडेपावती आणि इमारतमालकाची संमती, ट्रस्टच्या घरासाठी विश्वस्तांचे पत्र लागेल. मालक परदेशात असेल, आणि या भागात असे मालक पुष्कळ आहेत, तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडचे कुलमुखत्यारपत्र भाडेकरार करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देते का हे वाचा. मालकाचे निधन झालेले असून घर वारसांच्या नावावर झालेले नसेल, तर एका वारसाच्या सहीवर विसंबू नये.

तुमच्या बाजूने आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्रे, नोकरीचे पत्र किंवा उत्पन्नाचा पुरावा आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. दोन साक्षीदारही आधीच ठरवून ठेवावेत, आणि त्यांनीही आपली आधार कार्डे जवळ बाळगावीत.

५. पैशांची बोलणी

भाड्याबरोबर डिपॉझिट, दलाली, देखभाल शुल्क कोण भरणार, दरवर्षीची वाढ आणि किमान मुक्कामाची मुदत या पाचही बाबी एकाच बैठकीत ठरवून लगेच लिहून काढा. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी घेण्याचा रिवाज आहे. ती करार नोंदल्यावर द्यायची असे आधीच सांगा. घराचे छायाचित्र पाठवून "आज टोकन भरले नाही तर घर जाईल" असे म्हणणाऱ्याला, घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय काहीही पाठवू नका. टोकन देताना ते कशासाठी दिले आणि करार न झाल्यास किती दिवसांत परत मिळेल, हे एका ओळीत का होईना, लेखी घ्या.

"हेवी डिपॉझिट" हा शब्द ऐकलात की सावध व्हा. यात मोठी रक्कम एकदम देऊन मासिक भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवतात. ती रक्कम मालकाने खर्च केली असेल तर मुदत संपल्यावर ती परत मिळवण्यासाठी तुम्हाला पुढच्या भाडेकरूची वाट पाहत बसावे लागते. मी कोणालाही हा मार्ग सुचवत नाही.

सर्व रक्कम बँकेमार्फत द्या. मासिक भाडे ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर २ टक्के कर कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते, ही गोष्ट नोकरदार मंडळी हमखास विसरतात. मालक अनिवासी असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त असतो, म्हणून त्या वेळी करसल्लागाराला विचारूनच पहिले भाडे द्यावे.

६. करार आणि नोंदणी

आपल्याकडे निवासी घरासाठी सर्वसाधारणपणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार होतो. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे" हे वाक्य तुम्हाला किमान तीन माणसे सांगतील. महाराष्ट्रात ते चूक आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे मालकाला शांतपणे सांगितले की बहुतेक वेळा नोंदणीस होकार मिळतो.

खर्चही फार नसतो. संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा भाडे ५०,००० रुपये, मुदत २४ महिने आणि डिपॉझिट २,००,००० रुपये आहे, तर भाड्याचे १२,००,००० आणि व्याजाचे ४०,००० मिळून १२,४०,००० रुपयांवर ३,१०० रुपये मुद्रांक शुल्क होते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. नोंदणी ऑनलाइन होते आणि सेवा पुरवणारी व्यक्ती घरी येऊन बोटांचे ठसे घेते. तिचे मानधन वेगळे असल्यामुळे दोघांपैकी कोण देणार हे आधी ठरवा.

करारात पुढील गोष्टी नेमक्या शब्दांत याव्यात: डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, कोणत्या कारणासाठी त्यातून पैसे कापता येतील, नोटिशीचा काळ दोघांनाही सारखा आहे का, गळती आणि ओल यांची दुरुस्ती मालकाकडे आहे का, आणि इमारत धोकादायक ठरल्यास किंवा पुनर्विकासाला गेल्यास उरलेले भाडे व डिपॉझिट ताबडतोब परत मिळेल का. शेवटची अट छापील नमुन्यात नसते. या परिसरात ती घातल्याशिवाय मी सही करणार नाही.

७. पोलिस, सोसायटी आणि वीज

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिस ठाण्याला देणे मालकाचे काम आहे आणि ते ऑनलाइन करता येते; तरीही पोचपावतीची प्रत स्वतःकडे घ्या, कारण गेटवेच्या परिसरात बंदोबस्त कडक असतो आणि चौकशीत ती उपयोगी पडते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिगर-भोगवटा शुल्क घेऊ शकते, परंतु २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. हा बोजा तुमच्यावर टाकला जात असेल तर निदान आकडा बरोबर आहे का ते तपासा. शहर भागात वीज बेस्टची असते. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचे छायाचित्र काढा आणि आधीची थकबाकी नाही याची खात्री करा.

८. राहायला गेल्यावर

पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीची चित्रफीत काढून ती मालकाला पाठवा, पोपडे, डाग आणि तुटक्या कड्यांसह. इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी भागात काहीही बदलताना, मग ती खिडकीची जाळी असो, सज्जा बंद करणे असो किंवा वातानुकूलन यंत्राची चौकट असो, आधी मालकाला लेखी विचारा. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी वेगळी नियमावली लागू आहे आणि परवानगी मागणे हे मालकाचे काम असले, तरी तुम्ही परस्पर केलेला बदल काढून टाकण्याचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जाईल. जुन्या लाकडी खिडक्या जपून वापरा. त्यांची बिजागरी खाऱ्या हवेने धरली तर जोर न लावता तेल सोडावे, कारण तसे सागवान आता सहज मिळत नाही आणि ते मोडलेले पाहताना वाईट वाटते.

९. घर सोडताना

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मालकाशी बोला. मुदतीनंतर घर न सोडल्यास १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, म्हणून "चार दिवस पुढेमागे" असे तोंडी ठरवू नका. नव्याने राहायचे असल्यास नवा करार नोंदवा.

चावी आणि डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत व्हावी. पहिल्या घराच्या वेळी मी चावी आधी दिली आणि बुरशीच्या त्याच भिंतीच्या रंगकामाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले. त्या भिंतीचे राहायला येतानाचे एकही छायाचित्र माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या घराच्या वेळी चित्रफीत होती, अटी लिहिलेल्या होत्या, आम्ही दोघांनी मीटर पाहिला, शेवटचे बिल वजा केले आणि पैसे खात्यात आल्याचा संदेश वाचल्यावर मी चावी दिली. वीस मिनिटांत सगळे संपले.